एस्तेर सिस्टरचा हृदयांक

"नमस्कार. सेवादात्याची ओळख जुळली नाही. कृपया सावध राहा, आपल्याला अनोळखी व्यक्ती स्पर्श करत आहे."

चौगुले सरांच्या दंडावरची पट्टी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली, की स्वयंपाकघरातून राजमती वहिनी कणकेच्या हातानेच पळत बाहेर आल्या. अनोळखी व्यक्ती म्हणजे एस्तेर उजागरे. मिरजेतली स्वतंत्र परिचारिका. गेली चार वर्षं ती सकाळ-दुपार या घराचे तीन जिने चढत होती. या घरात साखर कुठल्या डब्यात असते आणि सरांना कुठल्या गोष्टीचा राग येतो, हे तिला वहिनींइतकंच ठाऊक होतं.

"ह्याला काय झालं ओ, सिस्टर?" वहिनींनी विचारलं.

सरांनी गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. तसं केल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. "राजे, चांदीची भांडी आत ठेव," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सिस्टरांचा काय भरवसा नाही आता."

एस्तेर हसली. तिने सरांच्या मनगटावरचा हात उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा नाडीवर ठेवला. पट्टीने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच गोडव्याने.

हा सगळा प्रकार समजायचा तर थोडं मागे जावं लागेल.

'जनकवच' ही सरकारी विमा योजना आली तेव्हा घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक नर्सला एक सेवादाता क्रमांक मिळाला होता. रुग्णाकडे जायचं, केलेल्या कामापुढे क्रमांक टाकायचा, की विम्याचे पैसे खात्यात. साधा हिशेब. पण साधा हिशेब फार दिवस साधा ठेवायचा नाही, ही आपली जुनी खोड. लोकांनी क्रमांक भाड्याने द्यायला सुरुवात केली. मस्कतला जाऊन वर्ष झालेल्या एक बाई मिरजेत रोज सलाईन लावत होत्या. दुसऱ्या एकींचं तर वर्षश्राद्ध झालं होतं, तरी त्या टाके काढत होत्या. मग योजनेच्या वरच्या लोकांनी ठरवलं, की क्रमांक असा हवा जो उसना देता येणार नाही.

हृदय हा पंप आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पंपाला वीज लागते आणि ती तो स्वतःच तयार करतो, हे मात्र शाळा सुटली की आपण विसरतो. हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिणगी पडते. ती मधल्या गाठीतून खाली उतरते आणि तिथे वाट फुटते. एक फाटा उजवीकडे, एक डावीकडे. दोन्हीकडे वीज पोहोचली की हृदय आवळतं. या विजेची कागदावर जी लाट उमटते तिचे चढउतार प्रत्येक माणसाचे वेगळे असतात, कारण प्रत्येकाचं हृदय छातीत थोडं वेगळं बसलेलं असतं. ही वीज कातडीपर्यंत येते आणि दुसऱ्याच्या अंगाला हात लावला, की तिचा अगदी पुसट अंश त्याच्या अंगात उतरतो. पूर्वी तो पकडणं अशक्य होतं. नव्या पट्ट्यांना ते जमू लागलं. रुग्णाच्या दंडावरच्या पट्टीला रुग्णाची स्वतःची लाट पाठ असते. ती वजा केली, की उरते ती हात लावणाऱ्याची. पातळ हातमोज्यातूनसुद्धा.

तेव्हापासून नर्सचा ठोका हाच तिचा क्रमांक झाला. सरकारी कागदावर त्याला हृदयांक म्हणत. मिरजेत कोणी एवढा लांब शब्द वापरायच्या भानगडीत पडलं नाही, सगळे 'ठोका नंबर' म्हणू लागले. एस्तेरला ही पद्धत मनापासून आवडली होती. मिशनच्या दवाखान्यात शिकताना म्हाताऱ्या मेट्रनने तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. रुग्णाजवळ गेल्यावर आधी बोलायचं नाही, यंत्राकडे बघायचं नाही, आधी नाडी धरायची. आता नाडी धरली की हजेरीही लागत होती. तिच्यासारखीला यापेक्षा सोयीचं काय असणार?

आणि आता तीच हजेरी लागत नव्हती.

नियम सोपा होता. एका महिन्यात तीन भेटींत ओळख हुकली की क्रमांक गोठणार. मग पुण्याला पडताळणी आणि ती कधी संपेल ते पुणेकरांनाच ठाऊक. तोवर रुग्ण दुसऱ्या नर्सकडे जाणार. पण गळ्यात नळी असलेला रुग्ण सांभाळणारी दुसरी नर्स मिरजेत मोकळी नव्हती. एस्तेरच्या बरोबरीची नसीम मुल्ला होती, तिच्याकडे आधीच नळीवाले रुग्ण नियमात बसतील तेवढे होते. पूर्वी एक आजारी पडली की दुसरी तिच्या घरांना जाऊन यायची आणि क्रमांक पहिलीचाच टाकायची. ठोका उसना देता येत नाही. म्हणजे एस्तेरचा क्रमांक गोठला, तर चौगुले सरांना घरी ठेवता येणार नव्हतं. त्यांना योजनेच्या निगा केंद्रात हलवणार होते.

सर पूर्वी कबड्डीचे प्रशिक्षक होते. मोटरसायकलच्या अपघातात छातीपासून खालचं अंग गेलं, खोकायची ताकद गेली, श्वासाची नळी आकसली. तरी त्यांची जीभ शाबूत होती. त्यांचे मित्र भोकरे अशाच अवस्थेत त्या केंद्रात होते. वहिनी एकदा त्यांना बघून आल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

"नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधून ठेवत्यात ओ," त्यांनी एस्तेरला सांगितलं होतं. "ह्यांचे तेवढे हातच चालत्यात, सिस्टर."

तेव्हापासून 'केंद्र' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे.

ओळख हुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी एस्तेर योजनेच्या सांगलीतल्या कचेरीत, सुविधा केंद्रात, गेली. तिथे दुपारपर्यंत बाकावर बसून तिला चक्क डुलकी लागली. नाव पुकारलं तेव्हा ती डोळे चोळतच काचेच्या खिडकीशी गेली. खिडकीत सुयश नावाचा तरुण कारकून होता. त्याने तिचा हात ठोका वाचणाऱ्या तबकडीवर ठेवायला सांगितला.

"मॅडम, तुमचं एकदम ओके आहे की," तो पडदा तिच्याकडे वळवत म्हणाला. "शंभर टक्के."

"मग तिकडं का जुळत नाही?"

"पट्टी नीट चिकटली नसंल. नाहीतर तुम्ही हात ओला लावला असंल."

"पंचवीस वर्षं नर्स आहे मी."

"हां, म्हणजे नसंल लावला," सुयश चटकन म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या पडद्यावर अडचण दिसत नव्हती आणि न दिसणाऱ्या अडचणीसाठी त्याच्याकडे बटण नव्हतं.

पुढचे काही दिवस ओळख जुळली. मग एका सकाळी जिने चढताना एस्तेरला वरून कफ ओढणाऱ्या सक्शन यंत्राचा आवाज ऐकू आला. योजनेच्या नियमानुसार नळीला नर्सशिवाय कुणी हात लावायचा नव्हता. वहिनींनी यंत्र सुरू केलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. ती धावत वर गेली. काही नव्हतं, वहिनी यंत्र नुसतं चालवून बघत होत्या. पण एस्तेरने नाडी धरली आणि पट्टीने तिला अनोळखी ठरवलं. महिन्यातली दुसरी वेळ.

नसीमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक जुनं ईसीजी यंत्र होतं. एस्तेर संध्याकाळी तिथे पोहोचली तेव्हा तिचा चेहरा बघून नसीमने आधी चहा टाकला, मग प्रश्न विचारले, मग तिला पलंगावर आडवं केलं. कागद सरसर बाहेर आला.

"नॉर्मल आहे गं. पोरीसारखं," नसीम म्हणाली.

"मग?"

नसीमने जरा विचार केला. "ऊठ. जिना चढ-उतर कर. मी बस म्हणेपर्यंत."

"वेडी आहेस का?"

"ऊठ म्हणते ना!"

एस्तेर चढली, उतरली, पुन्हा चढली. धापा टाकत ती पलंगावर पडली आणि नसीमने घाईघाईने तारा लावल्या. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. आधीच्या कागदावर टोकदार, नेटक्या रेघा होत्या. दुसऱ्यावर त्याच रेघा पसरट झाल्या होत्या, माथा फाटल्यागत. दुसऱ्याच कुणाच्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या.

दोघींनाही ते वाचता येत होतं. डाव्या फाट्याची वाट थकत होती. ठोके संथ असले की वीज दोन्हीकडे वेळेवर जायची. वेग वाढला की डावी वाट पुढच्या ठोक्यासाठी तयारच नसायची, मग वीज उजवीकडून वळसा घालून उशिरा पोहोचायची. हृदय चालत राहायचं, पण लाट बदलायची. पट्टीचं काही चुकत नव्हतं. शांत एस्तेर आणि घाबरलेली एस्तेर या तिच्या लेखी दोन बायका होत्या आणि योजनेत नोंद फक्त पहिलीची होती.

"उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव," नसीम म्हणाली. "रक्तवाहिन्या तपासायला हव्यात."

"दाखवते."

"एस्तेर, मी तुला ओळखते."

"दाखवते म्हटलं ना!"

तिने दाखवलं नाही. रुग्णांना दटावून डॉक्टरांकडे पाठवणारी बाई स्वतःवर वेळ आली की किती कारणं काढू शकते, हे कुठल्याही नर्सच्या घरच्यांना विचारावं. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतील. जिने बंद म्हणतील. आधी हा महिना पार पडू दे, मग बघू.

खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, ती पुढेच होती. ओळख हुकेल या भीतीने ठोके वाढत आणि ठोके वाढले की ओळख हुके. एस्तेरला आता भीतीचीच भीती वाटू लागली. ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसू लागली. शेजारपाजारचे लोक ओलांडून जाताना विचारत, "काय सिस्टर, दमलात?" ती मान हलवे आणि मनात बाराखडी म्हणे. ठोके खाली आले की पुढचा जिना. सरांच्या दारात पोहोचायला तिला आता चांगलाच उशीर होई. अवघड रुग्ण तिने एकेक करून सोडले. जळालेल्या मुलीचं ड्रेसिंग नाकारलं, कारण ती मुलगी किंचाळायची. देसाईबाईंचं इन्सुलिन मात्र चालू ठेवलं. तिथे सुई टोचायची, शेंगदाण्याचा लाडू खायचा आणि त्यांच्या सुनेची निंदा ऐकायची, यात हृदयाला काही त्रास नव्हता. चौगुले सर मात्र तिला सोडता येत नव्हते.

आणि सरांकडे जाताना तर तिच्या छातीत हटकून धडधडायचं. शेवटी तिने तो उपाय केला.

मिरजेत कुठला केमिस्ट सिस्टरकडे चिठ्ठी मागतो? धडधड आवरणारी गोळी तिने मागितली, त्याने दिली, वर "काकांना बीपी का?" म्हणून विचारलं. काका कुणीच नव्हते. एस्तेर एकटी राहत होती. ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी अर्धी गोळी घेतली आणि ती तीन जिने न थांबता चढली. नाडी धरली.

"नमस्कार. ओळख जुळली. धन्यवाद, एस्तेर उजागरे."

तिला रडूच आलं. म्हणजे यायला हवं होतं. आलं नाही आणि ते तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

रोज ओळख जुळू लागली. अर्ध्या गोळीची एक झाली. सकाळी एक घेतल्यावर दुपारी भरवसा वाटेना, म्हणून दुपारची आणखी एक. हात गार पडत, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, पण छातीत कसं सगळं निवांत. महिना संपत आला होता. तो संपला की हुकलेल्या दोन वेळा पुसल्या जाणार होत्या.

एकदा नळी साफ करून झाल्यावर सरांनी बोट ठेवलं. "सिस्टर, तुम्ही मला ओरडत नाही हल्ली."

"काय ओरडू? तुम्ही वागताय की नीट."

"काल मी लपून चिवडा खाल्ला. तुम्ही बघितलात. काही बोलला नाहीत."

एस्तेरला आठवलं. तिने चिवड्याचे कण चादरीवर बघितले होते. एखादा कण श्वासाच्या वाटेला गेला असता तर काय झालं असतं हे तिला पूर्ण माहीत होतं. एरवी तिने आख्खी इमारत गोळा केली असती. काल तिने कण झटकले आणि चादर सरळ केली.

"पंचाला ओरडावंच लागतं," सर म्हणाले. "पंच गप्प बसला की पोरं समजतात, मॅच सुटली." बोलून त्यांना दम लागला. त्यांनी बोट काढलं आणि छताकडे बघत राहिले. तिला वाटलं, काहीतरी उत्तर द्यावं. पण उत्तर सुचावं इतकं ते तिला लागलं नव्हतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते घडलं.

दुपारची भेट होती. सर सकाळपासून कोरडं खोकत होते. एस्तेरने दोन्ही गोळ्या घेतल्या होत्या. तिने नाडी धरली, ओळख जुळली, धन्यवाद आले. मग सरांच्या नळीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि हळूहळू तोही बारीक होत गेला. आत घट्ट कफ अडकला होता.

तिने हातमोजे घातले. बोटांत नीट बसवले. सक्शनची बारीक नळी पाकिटातून काढली आणि आत सारली. ती जाईना. तिने बाहेर काढली, थोडं मीठपाणी सोडलं आणि पुन्हा सारली. जाईना. तिने पुन्हा मीठपाणी सोडलं. सगळं हळुवार, व्यवस्थित, शिकाऊ मुलींना दाखवावं इतकं नेटकं.

सरांनी तिचा हात पकडला. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"सिस्टर, निळे पडायलेत ओ!" वहिनी ओरडल्या.

"हो, बघते," एस्तेर म्हणाली.

तिने स्वतःचा आवाज ऐकला. बसची वेळ सांगावी तसा होता तो. तिला सगळं दिसत होतं. ओठ निळे, मानेच्या शिरा ताठ, पट्टीवरचा ऑक्सिजनचा आकडा घसरतोय. अशा वेळी काय करायचं तेही ठाऊक होतं. जाईना म्हटल्यावर दुसऱ्यांदा प्रयत्न करायचाच नाही, गळ्यातली नळी दुहेरी असते, त्यातली आतली उपसायची. तेवढ्याने भागलं नाही तर आख्खी नळी काढून उशाजवळची नवी बसवायची. शेकडो वेळा तिने इतरांना शिकवलं होतं. पण माहिती एकीकडे होती आणि हात दुसरीकडे. मधे जे पेटायला हवं, जे आजवर दर वेळी छातीत पेटून हातांना पुढे ढकलत आलं होतं, ते पेटतच नव्हतं. ती तिसऱ्यांदा मीठपाण्याकडे वळली.

"ओळख जुळली," पट्टी म्हणाली. "धन्यवाद, एस्तेर उजागरे."

वहिनींनी तिच्या खांद्याला धरून तिला गदागदा हलवलं. "सिस्टर! कुठं हाय तुमचं लक्ष? मरायलेत ते!"

एस्तेरने वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं. आपल्याला वाटायला हवी ती सगळी भीती तिथे होती. तिने ती जणू वाचून घेतली आणि ठरवून, एखाद्याचा हुकूम पाळावा तसे, हात हलवले. आतली नळी ओढली. ती कफाने गच्च बंद होती. हवा तरीही येईना. तिने गळ्यात नळी धरून ठेवणारा बंद कापला, बाहेरची नळी काढली, नवी उचलली, भोकात सरकवली आणि वळवून बसवली. एक क्षण काहीच झालं नाही. मग सरांच्या छातीने मोठा, ओला, फाटका श्वास ओढला. त्यामागून दुसरा.

वहिनी जमिनीवर बसून रडू लागल्या. सरांचा रंग परतायला वेळ लागला. ते शुद्धीवर होते. त्यांनी बोलण्यासाठी बोट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. ते नुसते तिच्याकडे बघत होते. चार वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं. दारात खरंच अनोळखी कुणी उभं असावं तसं.

संध्याकाळी तिच्या फोनवर योजनेचा संदेश आला. 'आणीबाणीत ओळख सुस्थिर. सेवा उत्कृष्ट.' एस्तेरने तो वाचला आणि मोरीत जाऊन ओकली. मग उरलेल्या गोळ्या शौचालयात टाकून पाणी ओढलं आणि नसीमला फोन केला.

"मी आज एका माणसाला मारलं असतं," ती म्हणाली.

नसीमने तिला बडबडू दिलं, मग शिव्या घातल्या, मग दुसऱ्या दिवशी स्वतः हात धरून डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. डाव्या वाटेचा थकवा होता तेवढाच. वर्षातून एकदा दाखवा आणि मनाने गोळ्या खाऊ नका, म्हणून डॉक्टरांनी कान उपटले. धोका टळला होता. क्रमांकाचा प्रश्न मात्र तसाच होता, कारण गोळ्या सुटल्यावर छातीतली धडधड व्याजासकट परत आली.

सरांच्या घरी नाडी धरायच्या आधीच तिने सगळं सांगितलं. गोळ्यांचं, जिन्यात बसण्याचं, त्या दुपारचं. सांगताना तिचा आवाज कापत होता. वहिनींनी तोंडाला पदर लावला. सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी नळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही घाबरत होता म्हणून मी निर्धास्त होतो, बाई," ते म्हणाले. "माझ्या घरात एक माणूस तरी माझ्यासाठी घाबरायचं. आता मीच घाबरू का?"

"पण घाबरले की तिसरी वेळ होणार, सर. तुम्हाला नेतील."

सरांनी बोट काढलं. ते आपल्या चालत्या हातांकडे बघत राहिले आणि एस्तेरला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती बसने सांगलीला गेली. सुयशने डॉक्टरांचं प्रमाणपत्र दोनदा वाचलं. "मग आजार तर नाही म्हणतायत. काय करू मी?"

"हृदयाचा दाखला जोडला की नव्याने नमुना घेता येतो. घेता येतो ना?"

"येतो. पण एकदाच, मॅडम. आयुष्यात एकदाच. जुना खोडला जाणार, परत मिळणार नाही. आणि तुमचा जुना तर झक्कास आहे, तो कशाला खोडता?"

"खोडा."

सुयशने तिच्याकडे संशयाने बघितलं. "नवा नमुना घेतला की तोच चालणार. दुसरा काही लावलात तर जुळणार नाही."

"माहीत आहे." बसमध्ये तिने सगळा हिशेब केला होता. देसाईबाई जाणार, शेंगदाण्याचा लाडू जाणार, निवांत घरं सगळी जाणार. ती घरं नसीम आणि इतर पोरी वाटून घेतील, तिथे कुणीही चालतं. उरणार ती जिथे दार उघडताना छातीत धस्स होतं ती. जळालेली मुलगी, जर तिच्या आईने पुन्हा बोलावलं तर. आणि तिसरा मजला.

"बरं. टेका मागं," सुयश तबकडी पुसत म्हणाला. "डोळे मिटा, मोठा श्वास घ्या, शांत व्हा. मग हात ठेवा."

एस्तेरने डोळे मिटले. तिने सरांचे निळे ओठ समोर आणले. ताठ झालेल्या शिरा आणल्या. आपला हात मीठपाण्याच्या बाटलीकडे तिसऱ्यांदा वळताना बघितला आणि या वेळी तो तिच्या काळजाला भिडला. 'मरायलेत ते!' वहिनी किंचाळल्या. छातीत पहिला ठोका दणकन बसला, मग दुसरा, मग ते सुटलेच. कानशिलं तापली, तळहाताला घाम फुटला. तिने हात तबकडीवर दाबला.

पडद्यावरच्या रेघा पसरट होत गेल्या.

"मॅडम?" सुयश अर्धवट उठला. "तुम्ही घाबरलाय. लई वाढलेत ठोके. थांबूया का? पाणी आणू?"

"नको," एस्तेर म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तबकडीवर घट्ट होता. "हाच घ्या. याच बाईला पाठवायचं आहे."